इंगळे सरांची एकवीस घरं

आमच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त स्मरणिका निघते आहे. मुख्याध्यापकांनी मला ‘शाळेची डिजिटल वाटचाल’ या विषयावर एक पान मागितलं आणि सोबत तीन फोटो दिले. एकात अकरा संगणकांची लॅब आहे. दुसऱ्यात जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या गेमला मिळालेली ढाल आहे. तिसऱ्यात ती ढाल धरून संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि आणखी सहा जण उभे आहेत. एकूण आठ. ज्या माणसाने तो गेम मुळात बनवला, तो या आठांत नाही. फोटोखालच्या ओळीतही नाही.

मी विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, “पाठक सर, राहून गेलं असेल. एवढं काय मनावर घेता?”

राहून जाणं आणि काढून टाकणं यांतला फरक मला कळतो. सव्वीस वर्षं गणित शिकवतो आहे. मी ते पान लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहितो आहे, आणि रागाने लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. त्या रागातला काही भाग माझ्यावरचा आहे. तो कुठला, ते पुढे येईलच.

इंगळे सर मेहकरला आमच्या शाळेत संगणक शिकवायला आले ते करारावर. करार दर वर्षी नवा व्हायचा. वय चाळिशीच्या आत. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात हेल्मेट. लॅबमध्ये शिरले की पहिलं काम म्हणजे जुना पायमोजा हातावर चढवून अकराही कीबोर्ड पुसायचे. मुलं हसायची. सर म्हणायचे, “हसा, पण हात धुऊन या.” कोणी काही ठामपणे सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, “चेक करून पाहू.” वीज गेली म्हणा, मुलगा हुशार आहे म्हणा, पाऊस येणार म्हणा. चेक करून पाहू. आधी मला त्याचा कंटाळा यायचा, मग त्याची सवय झाली, आणि आता दुसरं कोणी ते म्हणत नाही याचं वाईट वाटतं.

त्यांचं गाव मेहकरपासून चौतीस किलोमीटर. मुलगी यशोधरा त्याच वर्षी आमच्या शाळेत नववीत आली. नववी-दहावीचे वर्ग सकाळचे, घंटा साडेसातला. गावाहून निघणारी पहिली बस मेहकरला पोचते आठ वाजून दहा मिनिटांनी, ते सुद्धा वेळेवर असली तर. पहिला तास आठ दहालाच संपतो. तो तास गणिताचा, म्हणजे माझा. जमेल तेव्हा सर तिला मोटारसायकलवर मागे बसवून आणायचे. थंडीत, पावसात, सरांची कंबर धरली असेल तेव्हा, गाडी बिघडली तेव्हा ती बसने यायची आणि माझा तास संपल्यावर दारात उभी राहायची. सरांना मेहकरात एक खोली हवी होती. दुसरं काही नको होतं. मुलीला पहिल्या तासाला बसता यावं एवढ्यासाठी.

आमची पहिली भेट शाळेत झाली नाही, माझ्या दारात झाली. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. माझ्या घरावर एक खोली आहे, स्वतंत्र जिना असलेली, आणि ती तेव्हा रिकामी होती. शाळेच्या शिपायाने त्यांना माझा पत्ता दिला होता.

“खोली द्यायची आहे असं समजलं,” ते म्हणाले.

“हो, वरची. नाव काय?”

“इंगळे.”

“कुठले?”

त्यांनी गाव सांगितलं. आमच्या भागात इंगळे हे आडनाव सगळ्या जातींत असतं, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. “कोणते इंगळे?”

“तिथं बुद्धविहार आहे ना, त्याच्या बाजूले घर आहे आमचं,” ते सरळ म्हणाले.

“असं आहे,” मी म्हणालो, “आमचा भाचा यायचाय, परीक्षेच्या अभ्यासाला. त्याच्यासाठी ठेवलीय.”

मला एकच बहीण आहे. तिला दोन्ही मुली.

ते “बरं सर” म्हणाले आणि गेले. शाळेच्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये समोर आले तेव्हा माझाच चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही हात जोडून “नमस्कार पाठक सर” म्हटलं, जसं काही आज प्रथमच पाहतायत. त्यानंतर दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की भाचा आला का.

सरांना गेम बनवता येत. मोबाइलवर मुलं खेळतात तसे पळापळीचे, गोळीबाराचे नाहीत. साधी चित्रं, चारपाच बटणं. “गेममधे कोणालेच मारायचं नाही,” हा त्यांनी मुलांना घालून दिलेला नियम होता. “मारायचं म्हटलं की डोकं बंद पडते.” आणि दुसरी एक गोष्ट ते नेहमी सांगत, “माणूस खेळताना काय करतो ते पाहू नका. हरल्यावर उठताना काय बोलतो ते ऐका.”

पहिल्या वर्षी हिवाळ्यात त्यांनी मुलींकडून ‘किल्ली’ नावाचा गेम करून घेतला. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपाई नामदेवकडे. गेममध्ये एक मुलगी आहे. तिने पाणी प्यायलं की एक पट्टी भरते, किल्ली मिळाली की रिकामी होते. किल्लीसाठी शिपायाला शोधायचं. शिपाई कधी फाटकाशी, कधी ऑफिसात, कधी पानठेल्यावर. आणि सापडला की मोठ्याने कारण विचारतो, “काऊन पाहिजे?” सगळ्या वर्गासमोर. बहुतेक मुली खेळताना तिला पाणीच पाजत नसत. मग दुपारी गेममधली मुलगी चक्कर येऊन पडे.

मुख्याध्यापक कौतुकाने लॅबमध्ये खेळायला बसले. तीनदा हरले. उठताना म्हणाले, “हा शिपाई जागेवर काऊन नसतो हो?”

मागे नामदेव उभा होता. तो म्हणाला, “मी इथंच आहे साहेब.”

चाळीस मुली तोंडावर हात धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं. अर्ज नाही, ठराव नाही, निरीक्षण नाही. याआधी सहा वर्षांत त्या कुलपाबद्दल मी स्वतः दोनदा लेखी दिलं होतं. सर त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी पायमोजा उलटा घातला होता आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाटतं, त्यांची चूक तिथेच झाली. त्यांना वाटलं की माणसाला हरवून दाखवलं की माणूस कुलूप काढतो. पण ते कुलूप शाळेचं होतं. स्वतःच्या घराचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी यशोधरा दहावीला आली. एका दुपारी स्टाफरूममध्ये सर एक वही घेऊन माझ्याकडे आले.

“पाठक सर, एक हिशोब तपासून द्या. तुम्ही आकड्यात खोटं नाही करत, म्हणून तुमच्याकडं आणला.”

वहीत आडव्या रेघा मारून तक्ता केला होता. पहिल्या वर्षभरात ते मेहकरात खोली मागायला गेले ती एकवीस घरं. कोणाचंही नाव नाही, नुसते क्रमांक. पुढे रकाने: किती मिनिटं लागली, आडनावाचा प्रश्न कितवा आला, ‘कोणते’ हा प्रश्न कितवा आला, शेवटी कारण काय मिळालं. भाचा, पुतण्या किंवा दुसरं कोणी नातेवाईक येणार आहे, हे सात घरांत. रंगकाम काढायचं आहे, पाच. भावाला विचारावं लागेल, भाऊ पुण्याला आहे, चार. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, तीन. आणि दोघांनी सरळ सांगितलं होतं की तुमच्या लोकांना आम्ही देत नाही.

“ही दोन बरी माणसं,” सर म्हणाले. “यांनी माझा टाइम वाचवला.”

मी बेरीज पाहिली. एकवीस बरोबर होते. नववा क्रमांक: सहा मिनिटं, आडनाव पहिला प्रश्न, ‘कोणते’ तिसरा, कारण भाचा. मी खाली मान घालून बसलो. प्रश्नांचा क्रम सुद्धा चुकला नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही.

“याचा काय उपयोग करणार?” मी विचारलं.

“गेम,” ते म्हणाले.

“तुम्ही तुमच्या वस्तीत नाही पाहिली का खोली?” बाजूला बसलेले एक शिक्षक म्हणाले. “तिथं तुमचीच माणसं आहेत. सोपं पडलं असतं.”

“पाहिली ना. तिथल्या खोल्या भरलेल्या आहेत. एकेका खोलीत पाच पाच पोरं राहतात, सगळी तुमच्याच एकवीस घरांतून फिरून आलेली.” मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, “अन् सोपं काऊन पाहू मी? तुम्ही पाहिलं का, सर, खोली घेताना, की आपल्या लोकांची गल्ली कोणती?”

ते शिक्षक हसले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. असे हसणारे लोक मला शिव्या देणाऱ्यांपेक्षा जास्त भेटले आहेत.

गेमचं नाव ‘खोली’. बाहेरगावाहून बदली होऊन आलेला एक शिक्षक मेहकरसारख्या गावात खोली शोधतो. बारा दारं. संध्याकाळी पाच चाळीसला शेवटची बस. तोपर्यंत खोली मिळाली नाही तर परत गावी, आणि दुसऱ्या सकाळी मुलीचा पहिला तास बुडतो. वर कोपऱ्यात त्या तासांचा आकडा एकेकाने कमी होत जातो. पगार तोच, कपडे तेच, बोलणं तेच. फक्त सुरुवातीला मशीन आडनाव आणि गावातली गल्ली देतं. काही खेळाडूंना दुसऱ्या-तिसऱ्या दारातच चहा आणि खोली मिळते. काहींना बारा दारं करून बस पकडावी लागते.

आठवीतल्या एकाने विचारलं, “सर, आडनाव निवडायची सोय काऊन नाही?”

“तुले होती का बे?” सर म्हणाले.

पोरांना तो गेम फार आवडला. त्यांना त्यात काय दिसलं ते मी मधल्या सुट्टीत ऐकायचो. “काय बे, तुले चहा भेटला का?” “नाही बे, मले रंगकाम भेटलं.” “तुह्या घरावर खोली आहे ना, तुह्या बाबाले विचार बरं.” मुलांनी तो मोबाइलवर घेतला. मोबाइल घरी गेले.

मग तक्रारी सुरू झाल्या.

सगळ्या एकाच दाराबद्दल होत्या. गेममध्ये सातव्या दाराचं गेट निळं होतं, कारण सरांना तो रंग सोपा पडला. त्या दारातला माणूस म्हणतो, “असं आहे, आमचा भाचा यायचाय.” पंधरा दिवसांत नऊ माणसं शाळेत येऊन सांगून गेली की आमचं घर मुलांच्या खेळात का काढलं, आमची बदनामी होते. मी ऑफिसात बसून त्यातली बहुतेक पाहिली. एक वकील होते, एक औषधांचे दुकानदार, एक निवृत्त अधिकारी. सर प्रत्येकाला बसायला खुर्ची देत आणि तोच प्रश्न विचारत.

“तुमचं गेट निळं आहे का साहेब?”

“गेट आमचं हिरवं आहे,” निवृत्त अधिकारी म्हणाले, “पण बोलणं आमचंच आहे.”

“बरं. नोंद करतो,” सर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला वही दाखवली. भाच्याचं किंवा पुतण्याचं कारण सांगणारी घरं सात होती. त्या सातांपैकी सहा जण तक्रारीला येऊन गेले होते. सातवा मी, मी तक्रार केली नव्हती. म्हणजे उरले तीन.

“या तिघांकडं तर मी गेलोच नव्हतो, पाठक सर,” ते म्हणाले. “हे दुसऱ्या कोणालेतरी बोलले असतील. चेक करून पाहिलं, गेलोच नव्हतो.”

ते हसले. मीही हसलो, आणि मग माझं हसू थांबलं. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. नऊ शहाणी माणसं स्वतःच्या पायांनी चालत येऊन कबुली देऊन गेली, आणि त्यातल्या एकालाही वाटलं नाही की आपण कबुली देतो आहोत. त्यांना वाटलं, अन्याय त्यांच्यावर झाला आहे. शाळेनेही तसंच धरलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांची बैठक घेतली. स्टाफरूममध्ये आम्ही तेवीस जण होतो. भिंतीवर पडदा लावून गेम सुरू ठेवला होता. अध्यक्ष मोठ्या मनाचे आहेत असं सगळे म्हणतात, ते स्वतःही.

“इंगळे सर, डोकं आहे तुमच्याकडे, मानलं,” ते म्हणाले. “जिल्ह्याच्या प्रदर्शनात पाठवू आपण हा गेम. पण एक करा. फार निगेटिव्ह होऊन राह्यला तो. पोरांच्या मनावर काय परिणाम होईन? शेवटचं दार उघडं ठेवा. बाराव्या घरी खोली मिळते. चहा देतात, पोरीला जवळ घेतात. संपला विषय.”

“ठेवतो साहेब,” सर लगेच म्हणाले.

अध्यक्षांना हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडे पाहून मान हलवली.

“कोणाचं घर काढू?” सरांनी विचारलं.

“म्हणजे?”

“बाकी अकरा दारांतलं बोलणं खरं आहे. वहीत लिहिलेलं. बारावं पण खरं पाहिजे. नाव सांगा, मी आज संध्याकाळी जातो, पाहतो, त्यांच्या दाराचा फोटो काढून लावतो.”

त्या तेवीसांत भाड्याने खोल्या देणारे पाच जण आहेत, हे मला माहीत होतं. त्या दिवशी दोघांच्या खोल्या रिकाम्या होत्या. एक माझी. सर कोणाकडेही पाहत नव्हते. ते पडद्याकडे पाहत होते, माउसवर हात ठेवून, कोणीतरी पत्ता सांगितला की टाइप करायचा अशा तयारीत. समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मी पाहत होतो, कारण दुसरीकडे कुठे पाहायची माझी तयारी नव्हती. चाळीस सेकंद. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. “माझं घर.” एवढंच. मी बोललो नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, “अहो, काल्पनिक काढा ना. गेम आहे तो.”

“काल्पनिक घरात पोरगी कशी ठेवू साहेब?” सर म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. अध्यक्षांचा चढला. ‘उपकार’, ‘करार’, ‘वातावरण’ असे शब्द त्यानंतर आले. ते मी इथे सगळे लिहीत नाही. सरांनी बदल करायला नकार दिला. लॅबच्या किल्ल्या त्यांच्याकडून काढून घेतल्या आणि त्यांना हजेरीपत्रकं आणि परीक्षेच्या याद्या टाइप करायला ऑफिसात बसवलं. गेम दुसऱ्या एका शिक्षकाने बदलला. नवं नाव ‘आपुलकी’. बाराही दारं उघडतात. प्रत्येक दारात हसरी बाई आणि चहाचा कप. आडनाव कोणी विचारतच नाही. मी तो खेळून पाहिला, दोन मिनिटं दहा सेकंदांत संपला. एकाही मुलाने तो दुसऱ्यांदा खेळलेला मी पाहिला नाही. त्याला प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी ‘सामाजिक परिवर्तनाचा सकारात्मक प्रयत्न’ असं लिहून दिलं. तीच ती ढाल.

उन्हाळ्यात सरांचा करार नवा झाला नाही. कारण कोणी लिहून दिलं नाही. निरोप समारंभ झाला नाही. ते आपली दोन पेनं, हेल्मेट आणि पायमोजा घेऊन गेले.

यशोधराचा निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पंच्याऐंशीच्या वर, गणितात एकसष्ट. मी माझी हजेरी काढली. दहावीच्या वर्षात माझे पहिले तास एकशे अठ्ठ्याऐंशी झाले होते. ती एकशे दोन तासांना हजर होती. शहाऐंशी तास ती बसमध्ये होती. भूमितीची दोन प्रकरणं मी तिच्याशिवाय शिकवली आणि रोज तिच्या नावासमोर स्वतःच्या हाताने गैरहजेरी मांडली. माझ्या डोक्यावर रिकामी खोली असताना. तो आकडा मी कोणाला दाखवला नाही, आता इथे लिहिला.

निकालाच्या दिवशी मी घरी बायकोला म्हणालो, “इंगळे सरांना खोली द्यावी म्हणतो. तुझी हरकत नाही ना?”

ती भाजी निवडत होती. “माझी केव्हा होती?” ती म्हणाली. “तेव्हाही मी आत होते. दारात तुम्ही उभे होतात.”

सर तोवर मेहकरलाच एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये लागले होते, अजून गावाहूनच येत. यशोधराला इथेच अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता. मी जाऊन सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घेऊन आले. बायकोने चहा केला. त्यांनी खोली नीट पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून लावून पाहिली. यशोधरा भिंतीपासून खिडकीपर्यंत पावलं मोजत होती. टेबल कुठे बसेल, हे ती मनात ठरवत असावी.

“छान आहे,” सर म्हणाले. “एक विचारू का पाठक सर? राग नका मानू.”

“विचारा ना.”

“आजूबाजूचे विचारतील, वर कोण आलं. काय सांगाल?”

“सांगेन, आमच्या शाळेतले सर आहेत.”

“ते म्हणतील, नाव काय.”

“इंगळे सर म्हणून सांगेन.”

“ते म्हणतील, कोणते इंगळे.”

मी म्हणालो, “तेवढा विषय टाळता येईल. कशाला सगळं सगळ्यांना सांगत बसायचं?”

मला खरोखर वाटत होतं की मी त्यांची सोय पाहतो आहे. बायकोने चहाचा ट्रे उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं. सर थोडा वेळ खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिले.

“म्हंजे आम्ही इथं गुपचूप राहायचं,” ते म्हणाले. विचारत नव्हते, तपासून पाहत होते.

“तसं नाही हो.”

“तसंच आहे सर. पोरगी अकरावीत जाऊन राह्यली. मैत्रिणी येतील तिच्या. घरात बाबासाहेबांचा फोटो लागन. चौदा एप्रिल येईन. दोन वर्षं जिन्यावरून हळू चढ, कोणाले सांगू नको, असं मले तिले नाही सांगता येणार. तुम्ही मनानं देऊन राह्यले, मले कळते. पण हे राहू द्या.” मग बायकोकडे वळून म्हणाले, “चहा चांगला होता वहिनी.”

यशोधराने खिडकी ओढून घेतली, कडी लावली आणि त्यांच्यामागून खाली उतरली.

पुढे महिन्याभराने त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली मिळाल्याचं ऐकलं. आमच्या भागात नाही. कोणी दिली, कशी दिली, मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क मी ठेवलेला नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, वरच्या त्या खिडकीच्या काचेतून.

मला वाटलं ते मोटारसायकलकडे जातील. ते गेले नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या घरापाशी गेले. त्या घरावरही एक खोली आहे, हे त्यांनी माझ्या खिडकीतून पाहिलं असणार. सरांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि बेल दाबली. यशोधरा त्यांच्या शेजारी उभी राहिली, मागे नाही. दार उघडायला वेळ लागला. समोरचे गृहस्थ बाहेर आले, झोपेतून उठून आल्यासारखे.

सर ओरडले नाहीत. पण इतकं स्वच्छ बोलले की खिडकी बंद असूनही मला वरपर्यंत ऐकू आलं, आणि आजूबाजूच्या चार घरांनाही ऐकू गेलं असणार.

“नमस्कार. मी इंगळे. बौद्ध आहे. ही माझी मुलगी, अकरावीले आहे. वरची खोली द्यायची आहे का?”

समोरच्या गृहस्थांनी मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. माझ्यामागे बायको म्हणाली, “आता तरी खाली जा.”

सरांनी वळून पाहिलं नाही. हेल्मेट एका हातात धरून ते त्या दारासमोर ताठ उभे होते, उत्तर येईपर्यंत हलायचं नाही असे.